माया सोड

दि. ३ जुलै

चि. सौ. मशीनवाल्या लेकीस मशीनवाल्या आईचे अ. उ. आ.

पत्रास कारण, तुझी पोर. दुसरं कारण शोधायला मला उसंत कुठे आहे? बोलतेय मी आणि लिहितेय तीच. आपल्याच तक्रारी आपल्याच हाताने लिहायच्या म्हणून नाक फुगवून बसली आहे. पण मला अक्षर म्हणजे काळ्या मुंग्यांची रांग, तेव्हा इलाज नाही. एक शब्द गाळलास तर याद राख, असं बजावलं आहे. (गाळलेला नाही. पण जिथे अन्याय होईल तिथे कंसात माझं म्हणणं येईल. भिंगरी.)

आत्ता तिने काहीतरी जास्तीचं लिहिलं. मला वाचता येत नसलं तरी ऐकू येतं. मी गप्प बसल्यावरही पेन चालत राहिलं की समजावं, डाळीत काहीतरी काळं आहे.

तू वर्षभरासाठी तिकडच्या हॉस्पिटलात गेलीस, जावईबापू जहाजावर, आणि ही भिंगरी माझ्या पदरात. पहिले महिने गोड गेले. मग पंधरावं लागलं आणि कोणीतरी पोर बदलून ठेवल्यासारखं झालं. सकाळी हाक मारून माझा घसा बसतो, पण हिची पापणी हलत नाही. रात्री मात्र घुबडासारखी टक्क जागी. परवा हनुवटीवर एक पुटकुळी आली, मोहरीएवढी. तर कोपऱ्यावरच्या दुकानातून साबण आणायला जाईना. म्हणे सगळी गल्ली बघेल. मी म्हटलं, गल्लीला दुसरे उद्योग नाहीत का? तर दार आपटलं. दार आपटण्यात मात्र आळस नाही हो. भिंतीवरची माझी शिवणाची कागदी मापं खाली पडतात. (दार वाऱ्याने आपटलं.) (पहिल्यांदा वाऱ्याने.)

आणि प्रश्न! लहान होती तेव्हा आभाळ निळं का, एवढ्यावर भागायचं. आता विचारते की गिऱ्हाइकाचं पोट सुटलं तर दोष शिंप्याचा का? तू म्हणतेस ते बरोबर कशावरून? तुझ्या आईने सांगितलं म्हणून? मग तिचं बरोबर कशावरून? परवा उत्तर शोधता शोधता मशीनवर पाय उलटा मारला आणि दोरा तोडून घेतला. खरं सांगू, ऐकायला मजाही वाटते. पण दर वेळी मजा वाटायला माझं वय राहिलं नाही.

तू दिवसभर माणसांच्या डोक्यांचे फोटो काढतेस ना? मग सांग, या वयाच्या डोक्यात असतं तरी काय? भुसा म्हणू नकोस. भुसा इतका आवाज करत नाही.

सहीच्या जागी नेहमीसारखा लाल दोऱ्याचा टाका घातला आहे. आहे तो लोभ उसवू नये, ही विनंती.

तुझी आई


दि. १४ जुलै

ती. आईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि इतकी हसले की शेजारच्या टेबलावरच्या परिचारिकेने पाणी आणून दिलं. भिंगरे, हे तू मोठ्याने वाचते आहेस हे मला माहीत आहे. एकही ओळ ओलांडायची नाही, पुढची तर मुळीच नाही.

आई, आधी झोपेचं. त्यात तिचा आळस नाही. झोप आणणारा रस या वयात डोक्यात रात्री उशिरा पाझरू लागतो, तेव्हा सकाळ तिच्यासाठी अजून रात्रच असते. तू पहाटे पाचला उठतेस म्हणून सगळं जग उठत नाही. (आई, धन्यवाद. हा कंस पत्रावर मी पेन्सिलीने केला आहे. भिंगरी.)

आता भुशाचं. आमच्याकडे सध्या याच वयाची मुलं येतात. त्यांना त्या लांबट बोगद्यात निजवायचं, हलू नका सांगायचं, आणि मशीन ठोकठोक सुरू करायचं. तुझ्या मशीनपेक्षा हे फार भांडकुदळ आहे. काल एका मुलीने घाबरत विचारलं की माझ्या मनात कोण आहे ते फोटोत दिसेल का. मी सांगितलं की नाही, पण आत्ता नाकाला खाज सुटली आहे हे दिसतंय. तशी हसली आणि अख्खा फोटो हलला.

डॉक्टरांकडून मला जेवढं कळलं तेवढं तुला सांगते. जिथून राग, आनंद, हौस, भीती उसळतात तो भाग या वयात अगदी भरात असतो. आणि कपाळामागचा भाग, जो म्हणतो थांब, आधी विचार कर, त्याचं काम मात्र पंचविशीपर्यंत चालू असतं. लहानपणी मेंदूने भरमसाट टाके घालून ठेवलेले असतात, सगळे कच्चे. वापरात येतील ते या वयात पक्के होतात, न लागणारे ओढून टाकले जातात. तुझ्या दुकानात अर्धा शिवलेला कपडा कसा दिसतो? सगळीकडून दोरे लोंबतात. तसंच. म्हणून ते हजार प्रश्न. ती उद्धट झाली नाही, तिला विचारांवर विचार करता यायला लागला आहे. आणि दुसऱ्याच्या डोक्यात काय चाललंय याचा अंदाज करायला शिकतेय. सध्या तो अंदाज एकच येतो, की सगळे आपल्याच पुटकुळीकडे बघताहेत.

आणखी एक गंमत. पडद्यावर मोटारीचा खेळ देतात. मूल एकटं असलं की पिवळ्या दिव्याला बऱ्यापैकी थांबतं. मित्र-मैत्रिणी मागे उभे राहून बघताहेत असं कळलं की तेच मूल सुसाट सुटतं.

आता ती ओळ. इथली नोकरी आणखी वर्षभर वाढवून देताहेत. मी एका मैत्रिणीबरोबर एकाच खोलीत राहते, पाळ्या बदलत्या, तेव्हा भिंगरीला माझ्याजवळ ठेवणं जमणार नाही. पण इथे गावाबाहेर एक शाळा आहे, तिथेच हॉस्टेल. शिस्त कडक, रविवारी भेट. तुझे गुडघे, तुझे डोळे, वर ही वावटळ. तुला झेपत नसेल तर नव्या सत्रापासून तिला तिथे घालते. तुझा शब्द शेवटचा. लवकर कळव, जागा फार थांबत नाहीत.

लोभ आहेच, वर थोडी चेष्टाही असावी.

तुझी लेक


दि. २९ जुलै

चि. सौ. लेकीस अ. उ. आ.

तुझं पत्र पोरीने वाचून दाखवलं, हॉस्टेलसकट. ती ओळ वाचताना आवाज जरा बारीक झाला, पण ओलांडली नाही. झोपेचंही ऐकलं. तेव्हापासून सकाळी हाक मारणं बंद केलं आहे. नुसती भांडी जोरात ठेवते.

तो तुझा मोटारीचा खेळ इथे कात्रीने झाला. औषधांच्या दुकानातली गोळीवाली बाई आठवते ना? तिच्या भावाने तिला परदेशातून करड्या लोकरीचं कापड पाठवलं, तसलं इथे मिळायचं नाही. त्याचा कोट शिवायला तिने माझ्याकडे दिलं. मी टेबलावर पसरून खडूने आखून ठेवलं आणि अस्तर आणायला बाहेर पडले. मागाहून हिच्या दोन मैत्रिणी आल्या. त्यातल्या एकीने विचारलं की आजीचं दुकान तर आहे, पण तुला काही येतं का? झालं. पिवळा दिवा! उचलली कात्री.

मी परत आले तेव्हा मैत्रिणी पळालेल्या आणि ही कात्री हातात धरून पुतळ्यासारखी उभी. कापड बघितलं. काय सांगू, रेघ धरून असं सरळ कापलं होतं की माझ्याच्यानेही व्हायचं नाही. चूक तीच. खडूची रेघ ही शिवणीची रेघ असते, कात्री चालवायची ती दोन बोटं बाहेरून. हिने रेघेवरूनच चालवली. आता कोट शिवला तर गोळीवाली त्यात मावेल, पण श्वास घ्यायचा नाही या बोलीवर.

मी काही बोलले नाही. त्या वेळी बोलण्यासारखी स्थितीच नव्हती. संध्याकाळभर कापड उलटंसुलटं करत बसले. आज म्हटलं, पत्र लिही. तर गुन्हेगार स्वतःच पंचनामा लिहितोय, मान खाली घालून. आज कंस नाहीत वाटतं, पेन माझ्याबरोबर थांबतंय.

तर हॉस्टेलचं. फार पाल्हाळ लावत नाही. दोन शब्दांत सांगते: माया सोड. तू माझी लेक आहेस, फोड करून सांगायची गरज नाही. त्या शाळेला काय कळवायचं ते तुझं तू कळव.

गुडघे दुखतात, डोळे बरे आहेत. टाका घातला आहे. तुझ्या ठोकठोक मशीनला माझा नमस्कार सांग.

तुझी आई

(याच कागदाच्या मागे)

आई,

हे मागच्या बाजूला लिहितेय ते आजीला माहीत नाही. कागद उलटा केला तरी तिला मुंग्याच दिसणार.

मी तिचे शब्द जसेच्या तसे लिहिले. माया सोड. मला वाटलं होतं की ती म्हणेल राहू दे पोरीला माझ्यापाशी. मला जायचं नव्हतं. इथली शाळा, माझा खिडकीचा कोपरा, आजीची ती दुपारी गाणं म्हटल्यासारखी चालणारी मशीन, मला हे सगळं हवं होतं. पण मी तिचं कापड नासवलं आणि आता ती तुलाही सांगतेय की हिची माया सोड. त्या दिवशी ती माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. ओठ घट्ट मिटून बसली होती. मी दोनदा माफ कर म्हटलं, तिने नुसती मान हलवली आणि हाताने मला बाजूला केलं.

मी कात्री का उचलली ते मला खरंच माहीत नाही. उचलताना माहीत होतं असं वाटत होतं.

बॅग भरून ठेवली आहे. शाळेला हो कळव. तू तरी सगळी माया सोडू नकोस. रविवारपुरती ठेव.

भिंगरी


दि. ७ ऑगस्ट

चि. भिंगरीस आईचे अ. आ. आणि पापे, पुटकुळीच्या दोन्ही बाजूंना.

हे पत्र तुझ्या एकटीच्या नावाने पाठवलं आहे. आजीला वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव. पण पुढे वाचण्याआधी एक काम कर. तुझा शाळेचा निळा स्कर्ट काढ, आजीने शिवलेला. तो उलटा कर आणि कडेची शिवण बघ. मग इकडे ये.

बघितलंस? शिवणीच्या आत दोन बोटं रुंद कापड दुमडून ठेवलं आहे, दोन्ही कडांना. खालच्या घडीत तर चांगलं चार बोटं असेल. बाहेरून दिसत नाही. तू कमरेत वाढलीस की शिवण उसवून तिथून घेता येतं, उंची वाढली की खालून. वाढत्या मुलांचे कपडे कोणी बेतून, अगदी अंगाबरोबर शिवत नाही. असं जास्तीचं कापड ठेवतात त्याला शिंपी लोक माया म्हणतात. आणि ते ठेवण्याला म्हणतात माया सोडणं.

तू त्या टेबलाजवळ कधी फिरकली नाहीस, त्यामुळे तुला हा शब्द कसा कळणार? मी त्या टेबलाखालीच मोठी झाले. दिवसातून चारदा कानावर यायचं, बाईसाहेब, पोर वाढतेय, माया सोडते हं. दुकानाच्या उंबऱ्याबाहेर याच शब्दांचा नेमका उलटा अर्थ होतो, हे इतक्या वर्षांत माझ्याही कधी लक्षात आलं नव्हतं.

आजीने मला काय सांगितलं ते आता पुन्हा वाच, तो कागद सोबत परत पाठवला आहे. पोर अजून वाढतेय. तिला इतक्यात बेतून शिवू नकोस. तुझी ती कडक शाळा म्हणजे अंगाबरोबरचा कपडा. माझ्याकडे राहू दे. एवढं सगळं तिने दोन शब्दांत बसवलं आणि वर म्हणाली की फोड करायची गरज नाही! ती ओळ मी मशीनपाशी उभी राहून वाचली आणि हसले. मग कागद उलटा केला. आणि हसू तिथेच सोडून हे पत्र लिहायला बसले.

आमच्याकडे मुलांना चेहऱ्यांचे फोटो दाखवतात आणि विचारतात की या माणसाला काय वाटतंय. भ्यालेला चेहरा तुमच्या वयाला पुष्कळदा रागावलेला दिसतो. तुझी चूक नाही, अजून काम चालू आहे. पण म्हणूनच चेहरा वाचून बॅग भरू नये. ज्याचा चेहरा आहे त्याला विचारावं. आजी तशी तोंडाळ आहे. ती गप्प बसली म्हणजे तसंच काही कारण असणार, ते तिलाच विचार.

आणि कात्री का उचलली ते माहीत नाही असं तू लिहिलंस ना, ते वाक्य मला फार आवडलं. कपाळामागे एक टाका पक्का झाला म्हणायचा.

शाळेला मी अजून काही कळवलेलं नाही. आजीने तिचं उत्तर दिलं. आता तुझं दे.

तुझी आई


दि. १८ ऑगस्ट

चि. सौ. लेकीस अ. उ. आ.

लेकी, तू मला घरबसल्या चोर पकडून दिलास. माझ्याच पत्राच्या पाठीवर माझ्याविरुद्ध पत्र! आणि मी वेडी त्याच कागदावर ऐटीत टाका घालते. (टाका नेमका मागच्या माझ्या ओळीतून गेला होता.)

झालं असं की परवा दुपारी मी मशीनवर होते. ही आली, निळा स्कर्ट उलटा करून माझ्या नाकासमोर धरला आणि भोकाड पसरलं. मला वाटलं, फाडला. म्हटलं, अगं, फाटला तर फाटला, रडतेस काय, आजी कशाला आहे? तर आणखीच मोठ्याने. मग तिने दोन्ही पत्रं वाचून दाखवली, मागचंही आणि तुझंही. वाचताना मध्येमध्ये थांबत होती. मी मशीनच्या चाकावर हात ठेवून बसले.

आता गप्प का बसले ते ऐक. लेकी, माझ्या तोंडात टाचण्या होत्या! कापड हातात घेतलं आणि सवयीने डझनभर टाचण्या ओठांत धरल्या. कुठे पट्टी लावली तर कोट वाचेल, ते टाचून टाचून बघत होते. ही माफ कर माफ कर करते, तेव्हा मी बोलणार कशी? गिळल्या असत्या तर तुझ्याच हॉस्पिटलात आणावं लागलं असतं, फोटोत छान दिसल्या असत्या. हाताने बाजूला केलं ते खिडकीचा उजेड अडवून उभी होती म्हणून. आणि ही काय समजली? आजीने टाकलं. (आजी, ओठ घट्ट मिटलेले दिसतात, टाचण्या दिसत नाहीत. विज्ञान माझ्या बाजूने आहे.)

तरी एक सांगते. चेहरा हिने चुकीचा वाचला हे खरं, पण मला तर हिचा वाचताच आला नाही. समोर बसून लिहीत होती, कंस बंद पडले होते, पेन माझ्याबरोबर थांबत होतं. मला वाटलं, पोर शहाणी झाली. इतकी वर्षं सांगत आले की मला वाचता येत नसलं तरी ऐकू येतं. हे नाही आलं.

कोट झाला. दोन्ही कुशींना आणि बाह्यांखाली काळ्या कापडाच्या पट्ट्या लावल्या. हिने शेजारी बसून कच्चे टाके घातले, एक लांब एक आखूड, माकडाच्या उड्यांसारखे. खरं काय घडलं ते गोळीवालीला आधी हिला सांगायला लावलं. म्हणजे सांगणार मीच होते, पण ही पुढे झाली आणि म्हणाली की कापड मी बिघडवलं, मैत्रिणींसमोर मोठेपणा करायला. हनुवटीवर नवी पुटकुळी होती, तरी गेली हो तिच्या दुकानात, भर गर्दीत. बाईचा चेहरा पडला. मग कोट घालून आरशात बघितलं, वळून बघितलं, आणि म्हणाली की पट्ट्यांमुळे बारीक दिसते. आता बहिणीलाही तसाच हवा आहे. पट्ट्यांसकट!

पोर सुधारली असं मात्र समजू नकोस. उठते अजून उन्हं वर आल्यावर. काल पुन्हा कशावरून तरी बिनसलं आणि दार आपटलं. पण त्या लोकरीची चिंधी उरली होती, ती मी चौकटीला आतून लावून ठेवली आहे. आता नुसतं धप्प होतं आणि मापं भिंतीवर राहतात. तीच दार उघडून बघायला आली की आवाज का नाही झाला. दोघी हसलो. पंचविशीपर्यंत चालेल म्हणतेस? चिंधी टिकेल. म्हातारीचं बघू.

हॉस्टेलचं माझं उत्तर तुला ठाऊक आहे. हिचं हिने कंसात द्यावं असं सांगितलं आहे, आणि मी तेवढा वेळ खिडकीबाहेर बघते.

(आई, बॅग उपसली. मी इथेच राहते. शाळेला नाही कळव. पण तुझी आठवण येते. दोन्ही खरं आहे, एकाच वेळी. असं होऊ शकतं हे मला आधी माहीत नव्हतं.)

फार वेळ पेन चाललं. विचारत नाही.

या वेळी कागदाच्या कडेला दोन बोटं जागा कोरी ठेवायला लावली आहे. ही म्हणाली की जागा वाया जाते. म्हटलं, जाऊ दे. तुला जे सुचेल ते तिथे लिही आणि हाच कागद परत पाठव. वाचायला आहे माझ्याकडे माणूस.

आज टाके दोन आहेत. सरळ आहे तो माझा. दुसरा कोणाचा ते ओळख.

कळावे. दोघींवर माया सोडावी, ही विनंती.

तुझी आई

(माझा वाकडा आलाय. कच्चाच आहे. ओढू नकोस.)